घशातली बुरशी आणि फॉर्मवरचा रिकामा रकाना

ओटीमधून (ऑपरेशन थिएटरमधून) बायोप्सीची बाटली लॅबमध्ये आली की झाकण उघडायच्या आधीच मला कळतं, हिच्यात आमच्या कामाचं काही उरलंय की नाही ते. फॉर्मॅलिनचा वास लपत नाही, डोळ्यांना झोंबतो. तो आला की मायक्रोबायोलॉजीचा विषय संपला. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा छान टिकतो, पॅथॉलॉजीवाले त्याचे पातळ काप काढून रंगवून बघतात, पण त्यात जे काही जिवंत असेल, टीबीचे जंतू म्हणा, बुरशी म्हणा, ते मरून गेलेलं असतं आणि मेलेलं काही कल्चरमध्ये, म्हणजे आम्ही जंतू वाढवून बघतो त्या बाटलीत, वाढत नाही. आम्हाला तुकडा लागतो साध्या नॉर्मल सलाईनमध्ये. दोन तुकडे घ्या, एक त्यांना एक आम्हाला, एवढंच. तरी स्वरयंत्रातून काढलेले तुकडे बहुतेक वेळा सगळेच्या सगळे फॉर्मॅलिनमध्ये येतात, कारण सर्जनच्या डोक्यात त्या वेळी एकच प्रश्न असतो, कॅन्सर आहे का. आणि तंबाखू-मिश्रीच्या आपल्या राज्यात तो प्रश्न पहिला यायलाच हवा, मी त्याला नावं ठेवत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की त्याच्या मागोमाग दुसरा पण यायला हवा.

मी मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कोणीतरी औषध विचारेल. पण इतकी वर्षं स्लाइडी लावून आणि एसडीएच्या बाटल्या बघून (बुरशी वाढवायचं मीडियम, आम्ही एसडीएच म्हणतो) बुरशीबद्दल माझी काही मतं झालीयेत, त्यातलं एक मत घरातल्याच माणसामुळे पक्कं झालं, म्हणून हे लिहायला बसले.

घशात बुरशी होते म्हटलं की लोक आधी हसतात. खरं तर कॅन्डिडा नावाचं यीस्ट आपल्यातल्या कित्येकांच्या तोंडात आत्ता हे वाचतानाही आहे आणि ते काहीही करत नाहीये. शेजारचे बॅक्टेरिया, लाळ आणि आपल्या पांढऱ्या पेशी मिळून त्याला आवरून असतात. यातलं काहीतरी ढासळलं की ते पसरतं. जिभेवर, टाळ्यावर, घशात दही सांडल्यासारखे पांढरे थर, खरवडले की खाली लालभडक. दम्याचा पंप घेणारे, शुगर वाढलेले, रात्री पण कवळी न काढणारे, लांबलचक अँटिबायोटिकवरचे, केमोवरचे, किडनी बदललेले, एचआयव्हीचे, असे सगळे. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, गुळणी करायची, स्पेसर (पंपाला लावायची नळी) वापरायचा हे दहादा सांगून पण लोक करत नाहीत, आणि मग आवाज बसला म्हणून पंपच बंद करतात, म्हणजे दमा वाढतो तो वेगळाच. असो. हाच कॅन्डिडा अन्ननलिकेत उतरला तर घास गिळताना छातीच्या मधोमध दुखतं, आणि ते साधं समजायचं नसतं, एड्स ठरवायच्या आजारांच्या यादीत अन्ननलिकेचा कॅन्डिडा आहे.

एड्सची गोष्ट तर सुरूच तोंडातल्या बुरशीने झाली असं म्हणता येईल. 5 जून 1981 ला अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक बुलेटिनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुण पुरुषांबद्दल एक छोटा रिपोर्ट आला, मायकल गॉटलिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लक्षात राहिला तो त्यातला न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, पण त्या पाचही जणांना कॅन्डिडा होता. धडधाकट तरुण माणसाच्या तोंडात पांढरे थर का यावेत, हा प्रश्न कुणाला तरी पडला म्हणून पुढचं सगळं सापडलं. आणि गंमत म्हणजे न्यूमोसिस्टिसला तेव्हा परजीवी समजायचे, ती पण बुरशीच निघाली नंतर.

कॅन्डिडावरच्या पहिल्या कामाच्या औषधाची गोष्ट मला फार आवडते म्हणून इथे घुसवतेच. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन, न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोघी. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन ऑल्बनीला. हेझन मातीच्या नमुन्यांतून बुरशी मारणारे जिवाणू शोधायची आणि बरण्या चक्क पोस्टाने ब्राउनकडे पाठवायची, ब्राउन त्यातून रसायन वेगळं करून परत पोस्टाने पाठवायची. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्यांच्या शेतातल्या मातीत नायस्टॅटिन सापडलं, 1950 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. रॉयल्टी आली ती 1 कोटी 30 लाख डॉलरच्या वर, आणि दोघींनी सगळी संशोधनासाठी देऊन टाकली. आज मेडिकलमधून तोंडाचं नायस्टॅटिनचं सस्पेन्शन आणतो ना, ते यांचं.

पण कॅन्डिडा निदान दिसतो. टॉर्च मारली, जीभ बाहेर काढली, दिसला. मला बोलायचंय ते न दिसणाऱ्याबद्दल, घशाच्या आत खोल, स्वरयंत्रावर बसणाऱ्या बुरशांबद्दल. त्या दिसतात, म्हणजे कॅमेऱ्यात काहीतरी दिसतं, पण दिसतं ते दुसऱ्याच कशासारखं.

माझे आतोबा, म्हणजे आत्याचे मिस्टर, शाळेत पीटीचे सर होते, विट्याकडे. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला माईकशिवाय जायचा. रिटायर झाल्यावर घरामागे कोंबड्यांचं शेड घातलं, तिकडे पोल्ट्री घरोघरी आहे म्हटलं तरी चालेल. मग त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी, मग ऍसिडिटी, मग "वय झालं आता" असं होत होत काही महिने गेले, वजन उतरलं, संध्याकाळचा बारीक ताप. शेवटी कॅमेरा टाकला तर स्वरयंत्रावर खडबडीत, मांस वाढल्यासारखा भाग. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही पण सगळ्यांना तोच वाटला. आत्याने तर मला फोनवर सरळ विचारलं, "तू लॅबमध्ये असतेस ना, खरं सांग, तोच आहे ना?" मी काय सांगणार.

बायोप्सी झाली, तिकडच्याच एका हॉस्पिटलात. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा आहेत, टीबी असण्याची शक्यता, लक्षणांशी ताडून पाहावे. घरात अक्षरशः पेढे वाटायचे बाकी होते. टीबी म्हणजे काय, सहा महिने गोळ्या, सरकारी फुकट, होईल बरा. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या चिवट शत्रूभोवती पेशींचा घातलेला वेढा, आणि आपल्या देशात असा वेढा दिसला की आत टीबीच असणार असं धरून चालतात. बहुतेक वेळा ते बरोबर पण असतं हो. टीबीचे जंतू टिश्यूच्या स्लाइडवर सापडत नाहीत पुष्कळदा, त्यामुळे जंतू दिसले नाहीत म्हणून कुणी थांबत नाही, औषध सुरू होतं. आतोबांचं पण झालं. लघवी केशरी झाली, भूक गेली, आणि आवाज, तो सुधारायचं सोडाच, अजून खोल गेला, वरून टाळ्यावर एक जखम आली आणि गिळायला त्रास व्हायला लागला. दोन महिने झाले तरी फरक नाही म्हटल्यावर मी म्हटलं इकडे या पुण्याला.

इथे जे झालं ते मी मुद्दाम सविस्तर सांगतेय. ओपीडीत एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, झोप न झालेली, केस कसेतरी बांधलेले. तिने नेहमीचं विचारलं, बीपी, शुगर, दमा, तंबाखू. शुगर नव्याने निघाली होती, ती तिने लिहिली. मग म्हणाली, "काका, मेडिकलमधून न घेतलेलं काही खाता का? झाडपाला, काढा, पुडी, काहीही?" आतोबा म्हणाले, "नाही, तसं काही नाही, ते एक आपलं सांध्याचं आयुर्वेदिक घेतो." किती वर्षं? "झाली असतील तीन-चार." कोण देतं? बाजाराच्या दिवशी एक माणूस येतो, पांढऱ्या कागदात पुड्या बांधलेल्या, रोज एक. गुडघे एका दिवसात मोकळे होतात.

एका दिवसात गुडघे मोकळे करणाऱ्या पुडीत काय असतं हे त्या मुलीला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मला पण माहीत होतं, पण आमच्या घरात ती येते हे मला माहीत नव्हतं. स्टेरॉइड. अशा पुड्यांमध्ये ते कुटून घातलेलं सापडल्याच्या केसेस डॉक्टर लोक कायम सांगतात. आतोबांचा चेहरा गोल झाला होता, गाल भरले होते, आणि आम्ही लग्नाकार्यात "तब्येत मस्त केली की हो" म्हणत होतो. शुगर पण तीच. वर्षानुवर्षं रोज स्टेरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती रोज थोडी थोडी खाली दाबत राहणं, आणि आतोबांच्या आधीच्या फॉर्मवर क्लिनिकल हिस्टरीच्या रकान्यात लिहिलेलं होतं, काही विशेष नाही. नुसती एक आडवी रेघ पण असते कधीकधी. अर्धे फॉर्म आमच्याकडे तसेच येतात.

हा रकाना हीच माझी तक्रार आहे. लोकांना वाटतं लॅब म्हणजे जे आहे ते सांगणारी जागा, तुकडा दिला की मशीन सांगेल काय आहे. तसं नसतं. विचारलं तेवढंच आम्ही शोधतो. टीबी लिहिलं तर टीबीचा रंग लावतो, त्या रंगात ही बुरशी उठून दिसतच नाही. बुरशी लिहिलं तर पीएएस आणि सिल्व्हर हे रंग लावतात, सिल्व्हरमध्ये बुरशीची भिंत काळी होते, हिरव्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके. तोच तुकडा, तीच बाटली. आणि प्रतिकारशक्ती कमी आहे हे लिहिलं असेल तर पॅथॉलॉजीच्या मॅडम स्वतःहूनच दोन रंग जास्तीचे लावतात, कुणी न सांगता.

त्या रेसिडेंटने तेच केलं. परत बायोप्सी, एक तुकडा फॉर्मॅलिन, एक सलाईन, आणि फॉर्मवर बारीक अक्षरात भरगच्च लिहिलं, स्टेरॉइडची पुडी, टीबीच्या औषधाला प्रतिसाद नाही, कोंबड्यांचं शेड, बुरशी बघावी, हिस्टोप्लाझ्मा? वर मला फोन करून सांगितलं, कल्चर जपून उघडा. हे सांगणं मला तिच्या सगळ्या हुशारीपेक्षा जास्त भावलं, कारण हिस्टोप्लाझ्मा बाटलीत वाढली की कापसासारखी बुरशी होते आणि तिचे बीजाणू श्वासातून आत जातात, टेबलावर झाकण उघडून वास घेत बसायची वस्तू नाही ती. सेफ्टी कॅबिनेटमध्येच. माहीत नसताना उघडलेल्या बाटलीने टेक्निशियन आजारी पडू शकतो, म्हणजे तो रिकामा रकाना पेशंटलाच नाही तर आम्हाला पण महाग पडतो.

सिल्व्हरच्या स्लाइडमध्ये सापडलं. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. पेशींच्या आत दोन ते चार मायक्रॉनचे इवले गोल, एकेका पेशीत खच्चून भरलेले. जी पांढरी पेशी जंतू गिळून मारायला येते तिच्याच पोटात हे राहतात, वाढतात, आणि तिच्याच बरोबर अंगभर फिरतात. मॅडम म्हणाल्या पहिल्या रिपोर्टला दोष देऊ नकोस, साध्या गुलाबी-निळ्या रंगात हे चटकन दिसत नाहीत, आणि घशात तर अजून एक फसवणूक आहे, वरची कातडी या बुरशीमुळे अशी वेडीवाकडी खाली वाढते की छोटा तुकडा आला तर माणूस कॅन्सर म्हणून बसेल. म्हणजे एकीकडे टीबीचं सोंग, दुसरीकडे कॅन्सरचं. काही जणांचं स्वरयंत्र वाचलं ते केवळ ऑपरेशनच्या आधी कुणीतरी स्लाइड दुसऱ्यांदा बघितली म्हणून, असं त्या म्हणाल्या.

नंतर मी या हिस्टोप्लाझ्माबद्दल वाचत सुटले. 1905 च्या डिसेंबरात पनामा कालव्याचं काम चालू असताना सॅम्युएल डार्लिंग नावाचा पॅथॉलॉजिस्ट तिथल्या हॉस्पिटलात शवविच्छेदनं करत होता. मार्टिनिक बेटावरून आलेला एक सुतार मेलेला, फुफ्फुसात बारीक बारीक गाठी, बघताक्षणी टीबी. डार्लिंगने तरी स्मिअर करून बघितले तर टीबीचे जंतू नाहीत, पेशींच्या आत गोल गोल काहीतरी. त्याला वाटलं काळाआजारासारखा परजीवी असावा. ती बुरशी आहे हे कळायला पुढची काही वर्षं गेली आणि 1934 मध्ये डीमॉनब्रूनने ती कल्चरमध्ये वाढवून दाखवली तेव्हा वाद मिटला. म्हणजे या रोगाचा जगातला पहिला नोंदलेला पेशंटसुद्धा टीबीच वाटला होता! आपल्याकडे पहिली नोंद 1954 ची, कोलकात्याची. गंगेच्या खोऱ्यात जास्त सापडते म्हणतात, पण आतोबा कधी पंढरपूरच्या पुढे गेले नव्हते. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने माजलेल्या मातीत ही वाढते, जुने वाडे, गुहा, कोंबड्यांची शेडं. माती उकरली, झाडली की बीजाणू उडतात. बहुतेक लोकांना कळत पण नाही, थोडा खोकला आणि विषय संपतो. ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते त्यांच्यात मात्र ती फुफ्फुसातून निघून यकृत, प्लीहा, हाडातला मगज, तोंड, घसा अशी फिरते. आतोबांना शेडमधूनच झाली का हे कोण ठामपणे सांगणार, पण आत्याने शेड विकलं ते विकलंच.

सिटी स्कॅनमध्ये दोन्ही ऍड्रिनल ग्रंथी सुजलेल्या निघाल्या. हिस्टोप्लाझ्माची ही आवडती जागा, किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या या छोट्या ग्रंथी. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तिथेच तयार होतं. आता बघा काय झालं, एकीकडे पुडीतल्या स्टेरॉइडमुळे त्या ग्रंथी आधीच आळशी झालेल्या, दुसरीकडे बुरशी त्यांना पोखरतेय. पुडी एकदम बंद केली असती तर बीपी पडून माणूस हातचा गेला असता. आत्या तर चिडून सगळ्या पुड्या संडासात टाकायला निघाली होती, डॉक्टर म्हणाले थांबा, बंद करायची पण आमच्या पद्धतीने, आणि मोजून मापून खरं स्टेरॉइड गोळीने सुरू ठेवलं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषधच काही काळ जीव धरून ठेवायला लागतं हे आतोबांना समजावता समजावता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

औषध म्हणजे अँफोटेरिसिन. हे नाव 2021 मध्ये महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ झालं होतं. दुसऱ्या लाटेत म्युकर (काळी बुरशी म्हणायचे ती) आला, कोरोनातून उठलेला माणूस, शुगर अफाट, स्टेरॉइड झालेलं, आणि मग गाल सुजणं, डोळ्यामागे दुखणं, टाळ्याला काळा डाग. टाळू काळा पडणं म्हणजे तिथलं रक्तच बंद, म्युकर रक्तवाहिन्यांत घुसतो. किती जणांचे वरचे जबडे काढले, डोळे काढले. त्या मे महिन्यात नातेवाईक इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते, कलेक्टर ऑफिसात याद्या लागत होत्या, मग वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने पण बनवायला सुरुवात केली. आणि व्हॉट्सऍपवर काय, तर कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच ब्लॅक फंगस! कांद्यावरची ती ऍस्परजिलस नायजर, म्युकरशी तिचा काही संबंध नाही, पण आमच्या शेजारणीने दोन किलो कांदे फेकून दिले. तेव्हा एक चांगलं झालं असं वाटलेलं, निदान आता बुरशी हा शब्द डॉक्टरांच्या आणि लोकांच्या डोक्यात राहील. राहिला, पण काळा रंग म्हणूनच राहिला. पांढरी, गुलाबी, मांसासारखी दिसणारी, आवाज बसवणारी बुरशी परत विसरली गेली.

तर अँफोटेरिसिन. साधं दिलं तर थंडी वाजून ताप भरतो, किडनीवर ताण, पोटॅशियम खाली. लायपोसोमल म्हणजे चरबीच्या बारीक गोळ्यांत गुंडाळलेलं, ते सुसह्य पण महाग. आणि ते सलाईनमध्ये चालत नाही, साका होतो, डेक्स्ट्रोजमध्येच लावावं लागतं. शुगरच्या पेशंटला साखरेची बाटली, आतोबा सिस्टरशी रोज भांडायचे, तुम्ही मला मारताय म्हणून. भांडायला आवाज नव्हता, त्यामुळे हातवारे करून. दोन आठवडे ते, आणि मग इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, कमीत कमी एक वर्ष.

इट्राकोनाझोलचं एक आहे, साधी कॅप्सूल असेल तर ती विरघळायला पोटात ऍसिड लागतं. भरल्या पोटी घ्यायची, आंबट किंवा कोला काहीतरी बरोबर, आणि ऍसिडिटीची गोळी नको. आता सांगा, आपल्याकडे साठीच्या पुढचा कोणता माणूस सकाळी उठून उपाशीपोटी पॅन-डी घेत नाही? कुणी लिहून दिलेली नसते, वर्षानुवर्षं चालू असते, औषध म्हणून कुणी ती मोजतच नाही, पुडीसारखीच. आतोबांच्या रक्तातली औषधाची पातळी तपासली तर फारच कमी आली. टीबीचं रिफाम्पिसिन त्याआधीच थांबवलं होतं, कारण ते लिव्हरला कामाला लावून इट्राकोनाझोलचा फडशा पाडतं, म्हणजे टीबीचं औषध चालू ठेवून वर बुरशीचं दिलं असतं तर दिल्यासारखं दिसलं असतं फक्त. मग अजून काय राहिलं, तर निघाली पॅन-डी, आत्या रोज चहाच्या आधी देत होती, प्रेमाने. ती बंद झाल्यावर पातळी वर आली आणि आवाजाचा पहिला खरखरीत "अगं" आत्याला ऐकू आला.

हे सगळं होऊन गेल्यावर 2023 मध्ये कोलकात्याच्या एका केसचा रिपोर्ट वाचला, तुमच्यापैकी काहींनी बातमी वाचली असेल. 61 वर्षांचा माणूस, वनस्पतींवरच्या बुरशांचा अभ्यास करणारा, तीन महिने आवाज बसलेला, खोकला, सारखा घसा येणं, गिळायला त्रास. स्कॅनमध्ये श्वासनलिकेच्या बाजूला गळू. पू काढून नमुना तपासला, नेहमीच्या पद्धतीने ओळख पटेना, शेवटी डीएनए वाचला तर काँड्रोस्टेरियम पर्प्युरियम, जी प्लम आणि गुलाबाच्या कुळातल्या झाडांची पानं चंदेरी करते ती बुरशी. माणसात कधीच न सापडलेली. व्होरिकोनाझोल या बुरशीच्या औषधाने दोन महिन्यांत बरा झाला, पुढे दोन वर्षं परत काही नाही. आणि या माणसाला शुगर नव्हती, एचआयव्ही नव्हता, स्टेरॉइड नव्हतं. आम्ही लॅबमध्ये यावर जेवणाच्या सुट्टीत जोरदार वाद घातला. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, बघ, मग तुझ्या त्या हिस्टरीच्या रकान्याला काय अर्थ, काही नसलेल्याला पण होतं. मी म्हटलं उलट, त्याचा धंदाच सडलेली झाडं आणि मशरूम हाताळायचा, रिपोर्टमध्ये ते लिहिलंय, कुणीतरी विचारलं म्हणूनच लिहिलं ना?

बुरशीच्या लाखो जाती असतील पण बहुतेकींना आपल्या अंगातलं 37 अंश सोसत नाही, हे आपलं खरं पहिलं कवच, पांढऱ्या पेशी नंतर. म्हणून झाडांना बुरशीने मरायला होतं आणि आपल्याला फारसं होत नाही. काही संशोधक म्हणतात जग तापतंय तशा बुरशी पण उष्णता सोसायला शिकतायत, कॅन्डिडा ऑरिसचं उदाहरण देतात, 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता जगभरच्या आयसीयूत पोचली. पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच धोकादायक बुरशांची यादी काढली, 19 नावं, वरच्या गटात क्रिप्टोकॉकस, ऑरिस, ऍस्परजिलस फ्युमिगेटस आणि आपला तोंडातला साधा कॅन्डिडा अल्बिकन्स. हिस्टोप्लाझ्मा आणि म्युकरवाल्या त्याच्या खालच्या गटात. मणिपूरकडे टॅलरोमायसिस म्हणून अजून एक आहे, एचआयव्हीत होणारी, तिकडच्या डॉक्टरांना ती पटकन सुचते, इकडे आली तर कुणाला सुचेल का मला शंका आहे.

मला विचाराल तर आपल्याकडे प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस म्हणजे कोण, याचं चित्रच जुनं आहे. आपल्या डोळ्यासमोर एचआयव्ही नाहीतर कॅन्सर वॉर्ड येतो. प्रत्यक्षात तो बाजारातून भाजी घेऊन येत असतो. दहा वर्षं न तपासलेली शुगर, त्वचेला फार्मसीतून आणलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, सांध्याची पुडी, सोरायसिसची नवी महागडी इंजेक्शनं, मुलाची किडनी घेतलेला बाप. यातल्या निम्म्यांना आपण त्या यादीत आहोत हे माहीतच नाही. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन कॅमेऱ्याने बघून घ्यायचं हे आता बऱ्याच लोकांना कळतं, पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय काय सांगायचं हे नाही कळत, आणि विचारायला वेळ नसतो, बाहेर साठ नंबर लागलेले असतात.

आतोबांच्या कॅप्सूल वर्षाने थांबल्या. ऍड्रिनलसाठीची स्टेरॉइडची बारीक गोळी मात्र चालूच आहे, ती बहुतेक कायमची, आणि आजारी पडलं तर ती वाढवायची हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात असतं. आवाज परत आला पण पूर्वीचा नाही, स्वरयंत्रावर वण राहिलाय. शाळेच्या गॅदरिंगला बोलावतात तर स्टेजवर जात नाहीत, खाली खुर्चीत बसून पोरांच्या रांगा वाकड्या आहेत म्हणून चिडतात, ते मात्र पूर्वीसारखंच.

पुडीवाला अजून येतो. आत्याने एकदा बाजारात त्याला धरून विचारलं तर म्हणाला, आमचं शुद्ध आयुर्वेदिक आहे, हजारो लोक घेतात. ते खोटं नसावं, हजारोंचं. परवा आत्याचा फोन आला, शेजारच्या मावशींच्या जिभेवर पांढरं आलंय, तिखट लागत नाही, डॉक्टरने बी-कॉम्प्लेक्स दिलंय. मी म्हटलं, गुडघे कसे आहेत त्यांचे? आत्या म्हणाली, "अगं मस्त, परवा जोतिबाला सगळ्या पायऱ्या चढून आली." मग दोघी एकदम गप्प झालो आणि आत्या म्हणाली, "थांब, फोन ठेव, मी जाऊन डबे बघते तिचे."